तिसऱ्याच्या देखत

फौजदारी प्रक्रिया संहितेच्या आठव्या प्रकरणावरून ज्यांना खेड्यापाड्यांत ‘चॅप्टर केस’ असे भारदस्त नाव पडले, त्या शांतताभंगाच्या प्रकरणांची कागदपत्रे ज्याने तालुक्याच्या कचेरीत बसून वर्षानुवर्षे हाताळली आहेत, त्याला एक वाक्य झोपेतून उठवले तरी म्हणून दाखवता येईल : ‘सामनेवाले यांनी वाईटवंगाळ शिवीगाळ करून दमदाटी केली.’ बांध कोरल्याचे प्रकरण असो, पाटाच्या पाण्याचे असो, देवळातल्या मानाचे असो, नाहीतर म्हशीने भाताचा तरवा खाल्ल्याचे असो, हे वाक्य त्यात असायचेच. आणि ते असल्यामुळेच कोण कोणाला नेमके काय म्हणाला याचा कागदावरून काडीमात्र बोध होत नसे. शब्द कोणता होता, तो शिवीच होता की लाडाने उच्चारलेले संबोधन होते, बोलणाऱ्याच्या मनात काय होते आणि ऐकणाऱ्याने काय घेतले, हे सारे प्रश्न त्या एका ठरीव वाक्याच्या पोटात गडप होत. १ एप्रिल १९७४ पासून नवी संहिता अमलात आली आणि कलम १०७ खालचे मुचलके घेण्याचे काम तहसीलदारांकडे, म्हणजे तालुका दंडाधिकाऱ्यांकडे आले. त्यांच्या हाताखाली अव्वल कारकून म्हणून आधी भोरला आणि मागाहून वेल्ह्याला जबाब लिहून घेण्यात माझ्या नोकरीचा बराच काळ गेला. त्या काळात मला जे शिकायला मिळाले ते कोणत्याही विभागीय परीक्षेच्या अभ्यासक्रमात नव्हते.

भोरला बसून शब्दांची चिकित्सा करणे हा तसा त्या गावाचा पिढीजाद व्यवसायच म्हटला पाहिजे. भोर ही पंतसचिवांच्या संस्थानाची राजधानी. आणि अष्टप्रधानांतील सचिवाचे, म्हणजे जुन्या परिभाषेतल्या सुरनिसाचे, मुख्य कर्तव्य हेच की राजपत्रे नजरेखालून घालावीत आणि त्यांतील अक्षरांत व मजकुरात जे उणे-अधिक झाले असेल ते दुरुस्त करावे. ज्या राज्यात एका उपपदाच्या फरकाने सरदार रुसत आणि मायना चुकला म्हणून पत्र परत जाण्याची धास्ती असे, त्या राज्यात हे काम तलवारीपेक्षा कमी जोखमीचे खासच नव्हते. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, राजगड, तोरणा, रोहिडा हे किल्ले ज्या मुलखात होते तो सारा मुलूख पुणे जिल्ह्यात आला, आणि सचिवांचे ते काम सरकारी कारकुनांच्या गळ्यात पडले; फरक इतकाच की, उणे-अधिक दुरुस्त करण्याऐवजी आम्ही सर्वांचे बोलणे एकाच मापाचे करून टाकू लागलो. राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राजव्यवहारकोश रचला गेला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय नेमून दिले गेले. पण ज्या राजगडावर त्या राज्याची पहिली राजधानी नांदली, त्याच्याच पायथ्याच्या दप्तरात जबाब, हजर, रुजू, मुचलका हे शब्द आजतागायत सुखाने नांदत आहेत. लोकांच्या जिभेवरचा शब्द हुकमाने हलत नाही, याचा हा घरचाच दाखला.

भोरहून कापूरहोळ आणि नसरापूरवरून मार्गासनीची वाट धरली की गुंजवणीच्या खोऱ्यातून माणूस तोरण्याच्या पायथ्याशी वेल्ह्याला पोचतो. हा तालुका आता राजगड या नावाने ओळखला जातो. मी तेथे होतो तेव्हाचे नाव लिहितो आहे, कारण ज्या माणसांविषयी लिहायचे आहे ती वेल्ह्याची माणसे म्हणूनच माझ्या स्मरणात आहेत. गुंजण मावळ, कानद मावळ, वेळवंड खोरे, हिरडस मावळ, रोहिड खोरे अशा खोऱ्याखोऱ्यांनी विभागलेला हा प्रदेश. मधे डोंगराच्या सोंडा, पावसाळ्यात ओढे भरले की एका वाडीचा दुसरीशी संबंध तुटे, आणि त्यामुळे प्रत्येक खोऱ्याचे हेल निराळे, लाडाच्या आणि रागाच्या रीती निराळ्या. मी इंदापूरकडचा, म्हणजे त्याच जिल्ह्याच्या कोरड्या टोकाचा. आमच्याकडेही भाषा रांगडीच. तरी येथे आल्यावर पहिले काही महिने मला कोण चिडले आहे आणि कोण प्रसन्न आहे हे चेहऱ्याकडे पाहिल्यावाचून कळत नसे.

मावळातली आजी नातवाला ‘मुडद्या’ म्हणते, लेकीला ‘मेले’ म्हणते, आणि रांगते मूल अंगणात आले की ‘आलं का आमचं म्हातारं’ म्हणून त्याला उचलून घेते. यांतला प्रत्येक शब्द मरणाशी किंवा जरेशी नाते सांगणारा आहे, आणि बोलणारीच्या मनात नेमके त्याच्या उलट आहे. हे केवळ जिभेचे वळण नव्हे. त्यामागे दृष्टीचे भय आहे. ज्या घरात पाचांतली दोन लेकरे हाती लागत, त्या घरात मुलाचे कौतुक उघड करणे म्हणजे त्याच्यावर कुणाची तरी वाईट नजर ओढवून घेणे. म्हणून धडधाकट पोराला ‘किती वाळलंय’ म्हणायचे, आणि वाचलेल्या पोराचे नाव दगडू, धोंडू, केरू, भिकू असे ठेवायचे, की नियतीने त्याला क्षुद्र समजून सोडून द्यावे. पुढे शाळेत कुणा हौशी गुरुजींनी दगडूचा दिगंबर केला की बापाच्या सात-बारावर एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे असे नाव होऊन वारसनोंदीला आमच्या कचेरीत खेटे सुरू होत. पण गुरुजींचा हेतू चांगला होता आणि आजीचाही. याउलट, परक्या बाईने येऊन ‘काय गुटगुटीत झालंय हो पोर’ असे म्हटले, तर आई हसून मान डोलावते आणि ती बाई वळताच मीठमोहऱ्या उतरून टाकते. निंदा येथे कवच आहे आणि स्तुती हा धोका.

विदर्भातून आलेला एक तरुण अधिकारी उमेदवारीच्या काळात आमच्याकडे होता. बुद्धिमान, प्रामाणिक, कामाला वाघ. संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या अर्जांची स्थळपाहणी करायला तो, गावचे तलाठी आणि मी असे तिघे एका वाडीवर गेलो. ऐन वैशाखातली दुपार. अर्जदार म्हातारी दारातच बसली होती. तलाठ्याकडे पाहून ती म्हणाली, ‘या रावसाहेब’. मग या नव्या साहेबाकडे डोळे बारीक करून पाहत म्हणाली, ‘आन् तू कुनाचा रं? मुडद्या, येवढ्या उनाचा कशाला आलास? बस हितं, पानी पी.’ साहेबाचा चेहरा उतरला. पंचनामा झाला, अंगठा झाला, आम्ही निघालो. अर्ध्या वाटेपर्यंत तो गप्प होता आणि मग म्हणाला, की अधिकाऱ्याचा असा अवमान लोकांसमोर झाला तर कारवाईचा धाक तो काय राहणार? मी त्याला एवढेच विचारले की आपल्या तिघांत म्हातारीने पाणी कोणाला दिले. तलाठ्याला ती ‘रावसाहेब’ म्हणाली होती, कारण तिचा पहिला अर्ज त्याच्या टेबलावर वर्षभर पडून होता. या मुलखात ज्याला घराच्या आत घ्यायचे त्याला ‘तू’, आणि ज्याला उंबऱ्यापलीकडे ठेवायचे त्याला ‘तुम्ही’. ‘कुनाचा रं’ हा प्रश्नही तसाच. त्याला ती उलटतपासणी वाटली, वास्तविक म्हातारी त्याला कुणाच्या तरी पोटचा समजत होती.

आणि दुसऱ्या बाजूनेही अर्थाचा हाच घोळ चालू होता. साहेब आनंदात असला की जीपच्या चालकाला ‘काय बे’ म्हणे. नागपूरकडे दोन मित्र एकमेकांना दिवसातून पन्नास वेळा ‘बे’ म्हणतात आणि त्यात सलगीखेरीज दुसरे काही नसते; पण आमचा चालक भोरचा, त्याने तो शब्द फक्त सिनेमातल्या खलनायकाच्या तोंडी ऐकलेला. त्याने रजेचा अर्ज टाकला. दोघांना समोरासमोर बसवून अर्थ सांगितल्यावर दोघेही पोट धरून हसले, हे खरे. परंतु चालकाने नंतर साहेबांची गाडी चालवली ती ‘बे’ बंद झाल्यावरच, हेही तितकेच खरे. अर्थ कळला म्हणजे शब्दाचा काटा निघतोच असे नाही.

लेखी कागदात ही अडचण शतपट होते. एका विधवेच्या वारसाच्या चौकशीत पोलीस पाटलांचा अहवाल आला, त्यात ‘सदर बाई जहांबाज असून जमीन स्वतः कसते’ असे वाक्य होते. शहरात वाढलेल्या वाचकाने ते प्रतिकूल म्हणून अधोरेखित केले. कजाग, भांडखोर बाई असा त्याने अर्थ लावला. पाटलांना म्हणायचे होते ते इतकेच, की दीर कितीही धटिंगण असले तरी ही बाई त्यांना जमिनीत पाऊल टाकू द्यायची नाही, सबब तिच्या नावे नोंद करण्यास हरकत नाही. ‘पोचलेला माणूस’ हे विशेषण कीर्तनकाराला लावले तर तो ब्रह्मपदी पोचलेला, आणि सोसायटीच्या चेअरमनला लावले तर जेथे पोचू नये तेथे पोचलेला. ‘बेणं हाय’ यात कौतुक किती आणि सावधगिरीची सूचना किती, हे गावकऱ्यालाही कधी कधी पुसून घ्यावे लागते. ‘देवमाणूस’ हा शब्द तर मी कचेरीच्या निरोपसमारंभांत इतक्या विविध अधिकाऱ्यांबद्दल ऐकला आहे, की जो कोणताही कागद न वाचता सही करतो तोही देवमाणूस आणि जो रात्री-अपरात्री दरड कोसळलेल्या वाडीवर स्वतः चालत जातो तोही देवमाणूस. बोलणाऱ्याच्या ओठांच्या कोपऱ्याकडे पाहिल्याशिवाय निवाडा करता यायचा नाही.

ज्या प्रकरणाने माझ्या मनातला गुंता मोकळा केला ते गुंजवणीच्या खोऱ्यातल्या दोन चुलतभावांचे. शेतातून जाणाऱ्या वहिवाटीच्या रस्त्यावरून तंटा होता. रस्त्यापुरता दावा मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली स्वतंत्र चालू होता; त्याशिवाय पोलिसांनी कलम १०७ चा प्रस्ताव पाठवला, त्यात ते नेहमीचे वाक्य होतेच. अर्जदार पन्नाशीचा, मुंबईत माथाडीचे काम करून परत आलेला, शांत गृहस्थ. जबाब घेताना मी माझ्या प्रघाताप्रमाणे म्हणालो, ‘वाईटवंगाळ ते राहू द्या. शब्द काय बोलला तेवढे सांगा.’ तो बराच वेळ खाली पाहत राहिला आणि म्हणाला, ‘त्यो म्हनला, या सरकार, बसा.’

‘आणि?’

‘आनि काय? येवढंच.’

शेजारच्या टेबलावरचा कनिष्ठ लेखनिक खुदकन हसला. मीही लेखणी खाली ठेवली. ‘या सरकार, बसा’ हे वाक्य शिवी म्हणून नोंदवायचे कसे, आणि नोंदवले तर ते वाचून दंडाधिकारी मला काय म्हणतील, या विचारात मी असताना दाराशी उभा असलेला गावचा कोतवाल, ज्याला कोणी काही विचारले नव्हते, आपण होऊन म्हणाला, ‘सायेब, काय म्हनला ते नगा इचारू. कुटं म्हनला आन् कुनाम्होरं म्हनला, ते इचारा की.’

मग सारे बाहेर आले. अर्जदाराच्या मुलीचा साखरपुडा होता. मांडवात होणारे व्याही बसले होते. हे दोघे चुलतभाऊ एका वाड्यात वाढलेले, एका ताटात जेवलेले. जन्मभर एकमेकांना हाक मारली ती छापता येणार नाही अशा शब्दांनी. रस्त्याच्या तंट्यातही तो शब्द सुटला नव्हता. बांधावर उभे राहून दोघांनी एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता आणि त्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. त्या दिवशी मात्र चुलतभाऊ मांडवात आला, यजमान सामोरा गेला, तेव्हा त्या चुलतभावाने स्वतःच्या खांद्यावरचे घोंगडे काढून जमिनीवर अंथरले, दोन पावले मागे सरला, हात जोडले आणि म्हणाला, ‘या सरकार, बसा.’ व्याह्यांनी एकमेकांकडे पाहिले. ज्या घरची मुलगी करायची त्या घराच्या पाठीशी भावकी आहे की नाही, हे सोयरिकीत पहिल्याने पाहिले जाते. आणि भावाने भावाला ‘सरकार’ म्हटले याचा अर्थ भावकी संपली, असे त्याने चारचौघांत, एकही वावगे अक्षर न उच्चारता, जाहीर केले होते. ‘त्यापरीस शिवी दिली आसती तर बरं झालं आसतं,’ अर्जदार म्हणाला. ‘भाऊ हाय म्हनून देतो, आसं पावन्यांला वाटलं आसतं.’

सामनेवाल्याचा जबाब मी दुसऱ्या दिवशी लिहून घेतला. तो आरंभापासून अखेरपर्यंत अर्जदाराचा उल्लेख ‘ते’, ‘त्यांनी’, ‘त्यांस’ असाच करीत होता. ‘मी त्यांस मानानेच बोलविले. शिवी दिली असल्यास साक्षीदार हजर करावा,’ असे त्याने सांगितले. ते मी शब्दशः लिहिले, वाचून दाखवले, ‘माझे सांगण्याप्रमाणे बरोबर आहे’ यावर त्याने सही केली. कायद्याच्या दृष्टीने त्याच्या जबाबात एकही फट नव्हती, आणि मी पाहिलेल्या जबाबांत इतका निष्ठुर जबाब दुसरा नाही. दोघांकडूनही सहा महिन्यांचा मुचलका घेतला गेला. पुढे रस्ताही मोकळा झाला, कारण त्यासाठी अधिनियम होता. ‘तू’चे ‘तुम्ही’ झाले होते ते परत ‘तू’ करण्याची तरतूद मात्र १९०६ च्या अधिनियमात नव्हती आणि १९७३ च्या संहितेतही नव्हती.

कोतवालाने एका वाक्यात जे सांगितले ते आपल्या अलंकारशास्त्राने फार पूर्वी सांगून ठेवले आहे, हे मला पुढे निवांतपणी वाचताना दिसले. निंदेच्या मिषाने स्तुती आणि स्तुतीच्या मिषाने निंदा करण्याच्या चातुर्याला शास्त्रकारांनी व्याजस्तुती म्हणून अलंकारांत जागा दिलीच आहे. पण त्याहून मोलाचे आहे ते काश्मिरी पंडित मम्मटाने काव्यप्रकाशाच्या तिसऱ्या उल्लासात केलेले विवेचन. एकाच वाक्यातून वाच्यार्थाहून निराळा अर्थ केव्हा स्फुरतो याची जी कारणे तो मोजतो, त्यांत बोलणारा आहे, ज्याला उद्देशून बोलायचे तो आहे, काकू म्हणजे आवाजाचा हेल आहे, प्रसंग, देश आणि काल आहेत. आणि या सर्वांच्या पंगतीत त्याने ‘अन्यसन्निधी’, म्हणजे तिसऱ्या कुणाचे जवळ असणे, हेही एक स्वतंत्र कारण म्हणून मांडले आहे. मम्मटाने हे शृंगाराच्या उदाहरणांनी समजावले. आमच्या कोतवालाने ते रस्त्याच्या तंट्यावरून ओळखले. भारतीय दंडविधानानेही, १८६० साली, वेगळ्या वाटेने त्याच तिसऱ्याला साक्षीला बोलावले. ४९९ व्या कलमातली अब्रुनुकसानी व्हायला मजकूर दुसऱ्या कुणाच्या कानी जावा लागे. २९४ व्या कलमातला अश्लील शब्द सार्वजनिक जागी उच्चारला जाऊन इतरांना त्याचा उपद्रव व्हावा लागे. ५०४ वे कलम तेवढे जोडीपुरते पाही, की अपमानाने चिडून समोरचा शांतता मोडील हा हेतू किंवा ही जाणीव बोलणाऱ्याला होती का. आणि खेड्यातला माणूस अपमानाने चिडतो तो बहुधा तिसऱ्याने ऐकले म्हणूनच.

तिसऱ्याचा हा नियम अशिक्षित माणसे किती नेमकेपणाने पाळतात याचे एक उदाहरण भोरच्या कचेरीच्या व्हरांड्यात मी वर्षानुवर्षे पाहिले. दोन म्हातारे, वेगवेगळ्या खोऱ्यांतले, तारखेच्या निमित्ताने भेटत. भेटले की पहिला म्हणे, ‘सुक्काळीच्या, आजून जिता हायेस व्हय?’ आणि दुसरा त्याहून सरस काही बोलून तंबाखूची चंची पुढे करी. एकदा दुसऱ्याच्या सोबत पांढरेशुभ्र कपडे केलेला एक तरुण होता. पहिल्याने लांबूनच पाहिले, क्षणभर थांबला, पागोटे सारखे केले आणि जवळ येऊन म्हणाला, ‘रामराम पाटील. बरं हाय का?’ तो तरुण जावई होता, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. जावयाने सासऱ्याला शिवी खाताना पाहू नये, एवढे त्याने आपले आपण ओळखले. चुलतभावाने ज्या आदराने वार केला त्याच आदराने येथे एका मित्राने दुसऱ्याची लाज राखली.

एखादा शब्द मात्र असा असतो की तिसरा कोणी नसतानाही निव्वळ काळाच्या ओघात त्याचा गोडवा विटतो. या दोन तालुक्यांत धरणांनी उठवलेली गावे पुष्कळ. वेळवंडीवर भाटघर, आंबीवर पानशेत, मोसीवर वरसगाव, नीरेवर देवघर. १९७६ च्या पुनर्वसन अधिनियमानंतर लाभक्षेत्रात जमिनी देऊन लोकांना खालच्या मुलखात वसवण्याची रीत पडली. अशा एका खातेदाराची कागदपत्रे पुरी करायला तो वेल्ह्याला आला होता. नव्या गावात कसे काय आहे म्हणून विचारले तर म्हणाला, ‘चांगलं हाय. समदी ‘पावनं’ म्हंत्यात.’ मी म्हणालो, मग मान देतात की. तो म्हणाला, ‘पयल्या वर्सी मान व्हता. आता नातवालाबी ‘पावनं’च म्हंत्यात.’ पाहुणा या शब्दात जेवढे अगत्य आहे तेवढेच एक दिवस परत जाण्याचे गृहीतकही आहे, आणि ज्याचे परत जायचे गाव पाण्याखाली आहे त्याला ते रोज ऐकावे लागते. बोलणाऱ्यांपैकी एकाच्याही मनात वाईट नव्हते. या प्रकाराला कोणतेही कलम लागू होत नाही आणि व्हावे असेही मला वाटत नाही. पण पुनर्वसनाच्या अहवालात ‘स्थानिकांशी संबंध सलोख्याचे’ असे लिहिताना माझा हात त्या दिवसापासून अडखळू लागला.

येथवर वाचून कोणाचा असा ग्रह होईल की मावळातली प्रत्येक शिवी ही अंतरीच्या मायेची खूण आहे. तसे अजिबात नाही, आणि हा ग्रह पसरवण्यात ज्यांचा फायदा आहे अशी मंडळी प्रत्येक गावात भेटतात. मांढरदेवीच्या घाटापलीकडे, आमच्याच शेजारच्या सातारा जिल्ह्यात, घरात नको असलेल्या मुलींची नावे ‘नकुसा’ ठेवली जात. २०११ साली तेथल्या जिल्हा परिषदेने जाहीर समारंभ करून अशा शेकडो मुलींना नवी नावे दिली. दगडू आणि नकुसा ही नावे वरवर एकाच जातीची वाटतात. पण दगडू हे नाव दैवाला फसवण्यासाठी आहे आणि नकुसा हे नाव दैवाला दिलेला निरोप आहे. पहिल्यासाठी घरात मागाहून पेढे वाटले गेले, दुसरीला तिची ओळख रोज हाकेतून ऐकवली गेली. लाडाचे नाव वाईट ठेवण्याची रूढी जुनी आहे, या सबबीखाली नकुसा खपून जात होती, हे विसरून चालणार नाही.

तीच गत सलगीच्या शिवीची. कातकऱ्यांच्या वस्तीवरून तक्रार यायची तेव्हा गावच्या वजनदार गृहस्थाचा जबाब ठरलेला असे : ‘लेकरावानी हाय आमच्या. आमच्याकडं आसंच बोलत्यात.’ हे वाक्य इतके सहज आणि इतके प्रेमळ असे, की नवखा कारकून ते लिहून घेऊन मोकळा होई. मी एक प्रश्न जास्तीचा विचारू लागलो : तोच शब्द त्याने तुम्हाला उलट वापरला तर चालेल का? व्हरांड्यातले ते दोन म्हातारे या प्रश्नावर हसले असते. हे गृहस्थ हसत नसत. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटे ते जबाबात लिहिता येत नाही, परंतु प्रकरण कोणत्या दिशेने न्यायचे हे त्यावरून समजे. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांना आळा घालण्यासाठी १९८९ साली जो अधिनियम झाला, त्यातही अपमान लोकांच्या नजरेसमोर झाला का, हे पाहावे लागते. पुन्हा तो तिसरा आलाच. आणि कातकरी वस्तीवरच्या प्रकरणांत हा तिसरा हटकून गायब होत असे, हा माझा अनुभव आहे. ऐकणारे पाच असत, जबाबाच्या दिवशी सगळे भात लावायला गेलेले असत. संदिग्ध शब्दाचा फायदा नेहमी ज्याच्या बाजूला माणसे असतात त्यालाच मिळतो.

आता जबाब संगणकावर टंकले जातात. १ जुलै २०२४ पासून नव्या संहिता आल्या. १०७ चे १२६ झाले, ५०४ चे ३५२ झाले. वाईटवंगाळ शिवीगाळ आणि दमदाटी मात्र जागच्या जागी आहे, किंबहुना आता ती आधीच्या प्रकरणातून उचलून पुढच्यात जशीच्या तशी चिकटवता येते. या कामावर नव्याने येणाऱ्या तरुणांना माझी विनंती एवढीच आहे, की त्या वाक्याला हात लावण्यापूर्वी बोललेला शब्द मूळ बोलीत, हेलासकट, अवतरणचिन्हांत लिहावा. दोघे एरवी एकमेकांना कशी हाक मारतात ते लिहावे. आणि त्या वेळी तिथे आणखी कोण उभे होते त्यांची नावे लिहावीत. याला एक पानही जास्त लागत नाही. शब्द चांगला की वाईट, याचा निकाल कारकुनाने देऊ नये. तो द्यायला दंडाधिकारी बसलेले आहेत, आणि त्यांना तो देता येईल एवढा मजकूर आपल्या कागदावर असला पाहिजे.